आजारपण आणि सम्यक स्मृती



घरात कोणी आजारी पडले म्हणजे त्या घराने घेतलेल्या दीक्षेची खरी परीक्षा सुरू होते. वैशाख पौर्णिमेला पांढरी वस्त्रे नेसून विहारात जाणे अवघड नाही. १४ ऑक्टोबरला पंचरंगी ध्वज खांद्यावर घेऊन चालणे तर आनंदाचेच. परंतु रात्री दोन वाजता पोर तापाने फणफणते, कर्त्या माणसाच्या छातीत कळ येते, डॉक्टर कागदावर एखाद्या मोठ्या रोगाचे नाव लिहून देतात, तेव्हा कोणीतरी कानाशी लागून म्हणते, "घरातले देव काढलेत ना? मग दुसरे काय होणार!" त्या घटकेला आपण काय करतो, त्यावरून आपण धम्म किती समजलो ते कळते.

म्हणून आजच्या पाठात आपण एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. आजारपण आणि मनावरचा ताण यांना तोंड देण्यासाठी तथागतांनी आपल्या हाती कोणते साधन दिले, आणि ते आपल्या एका खोलीच्या घरात कसे वापरावयाचे?

आधी माझ्या घरची हकीकत

मी पुण्यात एका शाळेत शिक्षिका आहे. दापोडीच्या वस्तीत वाढले. वडील बांधकामावर बिगारी होते, आई चार घरची धुणीभांडी करी. आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी दहावीत होते. घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पदवी असूनही मी किती कच्ची निघाले ते पुढे सांगावयाचे आहे, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी आईच्या पायाच्या बोटाला जखम झाली. साखरेचा आजार अंगात मुरलेला होता, पण आम्हांला त्याचा पत्ता नव्हता. जखम चिघळली, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. रात्री आईपाशी जागावयाचे, सकाळी शाळा, संध्याकाळी पैशांची जुळवाजुळव. अशात गावाहून मावशी आली. तिने येताच ठरवून टाकले, की हा मरीआईचा कोप आहे. परडी सोडली, नवस फेडला नाही, त्याचे हे फळ. ती येताना अंगारा घेऊन आली होती. मी तो तिच्या हातून हिसकावला, मोरीत टाकला आणि तिला वाटेल ते बोलले. बावीस प्रतिज्ञा तोंडावर म्हणून दाखवल्या. मावशी रडत गावी गेली. आई भिंतीकडे तोंड करून निजली.

मला वाटले, मी धम्माचे रक्षण केले. पण आई त्या दिवसापासून अधिकच भ्याली. एका रात्री तिने हळूच विचारले, "बाई, खरंच आपण चुकलो का गं?" मी वैतागून म्हणाले, "असलं काही मनात आणू नकोस." वैतागून बोलल्याने कोणाची भीती जात नाही, हे मला तेव्हा कळत नव्हते.

त्याच आठवड्यात वर्गात एका मुलाने वही आणली नाही म्हणून मी त्याच्या कानशिलात मारली. अकरा वर्षांचे पोर. ते रडले नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. मुलांना मारण्यास कायद्याने मनाई आहे आणि पंचशीलाचे पहिले शील तर आपण रोज म्हणतो. त्या रात्री माझी छाती धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मला वाटले, झटकाच आला. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. रक्तदाब मात्र वाढला होता. ते म्हणाले, "गोळी चालू करा, मीठ कमी करा आणि मन शांत ठेवायला शिका." पहिल्या दोन गोष्टी मला समजल्या. तिसरी कोठे शिकवतात ते ठाऊक नव्हते.

ती आपल्याच धम्मात शिकवतात. दापोडीच्या महाविहारात, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शिकवीत होते. मी तेथे वंदनेला जात असे, ध्यानाच्या वर्गाला मात्र कधी बसले नव्हते. ध्यान म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, अशी माझी समजूत होती.

दोन बाण

पालि त्रिपिटकाच्या संयुत्त निकायात सल्ल सुत्त आहे. 'सल्ल' म्हणजे शल्य, बाणाचे टोक. त्यात तथागत सांगतात, की अज्ञानी माणसाला शरीराचे दुःख झाले की तो शोक करतो, छाती बडवतो, गोंधळून जातो. त्याला एक बाण लागलेला असतो आणि त्यावर तो दुसरा लागू देतो. पहिला शरीराचा, दुसरा मनाचा. ज्याने मन शिकविले आहे, त्यालाही पहिला बाण लागतो. दुसरा मात्र लागत नाही.

वाचकहो, येथे नीट लक्ष द्या. धम्म स्वीकारला म्हणजे पहिला बाण लागणारच नाही, असे भगवंतांनी कोठेही म्हटलेले नाही. त्यांना स्वतःलाही आजार झाले. अखेरच्या वर्षावासात बेलुव गावी त्यांना तीव्र वेदनांचे दुखणे आले आणि त्यांनी ते भान राखून सोसले. त्यांच्यासाठी जीवक हा वैद्य होता आणि ते त्याचे औषध घेत असत. ज्यांच्या नावाने आपण शरण जातो, ते स्वतः वैद्याचे औषध घेत होते, हे विसरता कामा नये.

आता माझ्या आईकडे पाहा. पायाची जखम हा पहिला बाण. ती का झाली? रक्तात साखर वाढून राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, लागलेले कळत नाही. रक्ताचा पुरवठा कमी होतो, जखम भरत नाही आणि जंतू वाढतात. कारण आहे म्हणून कार्य आहे. साखरेचा आजार देव पुजणाऱ्यांच्या घरी येतो आणि न पुजणाऱ्यांच्याही घरी येतो. "दीक्षा घेतली म्हणून हे झाले", "देवी कोपली", "आता पोरांचे कसे होणार", हा दुसरा बाण. आणि मी मावशीवर ओरडले, आईला गप्प केले, हा बाण तर मी माझ्या हाताने मारला. अंगारा मोरीत टाकून अंधश्रद्धा गेली नाही. ती आईच्या मनात भीती होऊन बसली.

या दुसऱ्या बाणाचे शरीरावरही परिणाम होतात. भीती वाटली की शरीर जणू पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीला लागते. हृदय जोराने चालते, श्वास वर-वर होतो, स्नायू आवळतात, ताणाची संप्रेरके रक्तात उतरतात आणि त्यांनी रक्तदाब व साखर दोन्ही वाढतात. झोप उडते. आधीच थकलेले शरीर आणखी थकते. म्हणून दुसरा बाण टाळणे हा आजाऱ्याच्या शुश्रूषेचाच एक भाग आहे.

नकुलपिता आणि नकुलमाता

कोणी म्हणेल, हे सारे भिक्खूंसाठी आहे, आपण संसारी माणसे. तर नकुलपित्याची गोष्ट ऐका. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे राहणारा हा म्हातारा गृहस्थ. वय झालेले, शरीर दुखण्याने खिळखिळे झालेले. तो भगवंतांना म्हणाला, मला काही हिताचे सांगा. भगवंतांनी त्याला खोटा धीर दिला नाही, गंडा बांधला नाही, बरा होशील असे वचनही दिले नाही. शरीर असेच आहे, हे त्यांनी मान्य केले आणि एवढाच अभ्यास सांगितला, की शरीर आजारी असले तरी मन आजारी पडू नये असा सराव कर. पुढे सारिपुत्तांनी त्याला याचा अर्थ समजावून दिला: शरीराला, वेदनेला 'हाच मी, हेच माझे' म्हणून कवटाळून बसले की शरीराबरोबर मनही आजारी पडते.

त्याच्या पत्नीची, नकुलमातेची, गोष्ट अंगुत्तर निकायात आहे. नवरा मरणाच्या दारात होता. तिने त्याला सांगितले, की चिंता घेऊन जाऊ नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुलांना वाढवीन, घर सांभाळीन, शील सोडणार नाही. तिचे बोलणे ऐकून त्याच्या मनावरचे ओझे उतरले आणि तो त्या दुखण्यातून उठला. आजाऱ्याच्या उशाशी बसून काय बोलावे, याचा हा धडा आहे. "तुझेच काहीतरी चुकले असेल" हे बोलावयाचे नाही. "आम्ही आहोत, औषध चालू आहे, घर चालेल" हे बोलावयाचे.

सति म्हणजे काय

आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग सम्यक स्मृती, पालीत सम्मा सति. या 'सति' शब्दाचा नवऱ्याच्या चितेवर जाण्याच्या जुन्या क्रूर रूढीशी काहीही संबंध नाही. मराठीत स्मृती म्हणजे आठवण, म्हणून तोही शब्द थोडा फसवा आहे. आपल्या बोलीतला जवळचा शब्द 'भान'. "भानावर ये" असे आपण म्हणतो ना, तेच. या क्षणी शरीरात काय चालले आहे, मनात काय चालले आहे, ते जसे आहे तसे ओळखणे म्हणजे सति.

सतिपट्ठान सुत्तात भान ठेवण्याची चार क्षेत्रे सांगितली आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. येथेही एक शब्द समजून घेऊ. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. पालीत वेदना म्हणजे कोणतीही संवेदना. ती सुखद, दुःखद, किंवा धड सुखद नाही धड दुःखद नाही अशी असते. चौथ्या क्षेत्रातील 'धम्म' म्हणजे मनात उठणाऱ्या व मावळणाऱ्या गोष्टी आणि त्यांचे नियम. याच सुत्तात चालताना, उभे असताना, बसले असताना आणि निजले असतानाही भान ठेवावे असे सांगितले आहे. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही हा अभ्यास मोकळा आहे.

ही विद्या परक्याची नव्हे

आपल्यापैकी काहींना वाटते, की ध्यान हे बंगल्यातल्या लोकांचे किंवा परदेशी पाहुण्यांचे काम. हा समज पुणे जिल्ह्यात तरी टिकू नये. लोकलने मळवलीला उतरा आणि भाजे लेणी चढून जा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरू लागलेल्या त्या विहारांत भिक्खूंच्या छोट्या खोल्या आहेत, निजण्याचे दगडी ओटे आहेत. याच आपल्या डोंगरात बसून माणसांनी मन शिकविले.

मधल्या काळात ही परंपरा येथून पुसली गेली. ती परत आणण्यासाठी गोव्याचे धर्मानंद कोसंबी नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असे फिरले. १९१२ पासून काही वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवीत. 'विसुद्धिमग्ग' हा ध्यानाचा मोठा ग्रंथ त्यांनी संपादित केला आणि सामान्य माणसासाठी 'समाधिमार्ग' लिहिला. पुढे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेने नवे पर्व सुरू झाले. बाबासाहेबांना भेटलेले, इंग्लंडात जन्मलेले भिक्खू संघरक्षित त्यानंतर आपल्या वस्त्यावस्त्यांत धम्म सांगत फिरले. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७८ पासून पुण्यात राहिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांसह येथील वस्त्यांत ध्यानाचे वर्ग सुरू झाले. भाज्याच्या पायथ्याशी त्यांचे शिबिर-केंद्र उभे राहिले.

दुसरी वाट ब्रह्मदेशातून आली. तेथील व्यापारी सत्यनारायण गोएंका अर्धशिशीने हैराण होते. १९५५ साली ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे गुरूंनी त्यांना प्रथम बजावले. मन शुद्ध करणे हा हेतू, दुखणे हलके होणे हे त्याचे उपफळ, असा त्याचा अर्थ. गोएंकाजींनी १९६९ साली मुंबईत भारतातील पहिले शिबिर घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र आहे. पुण्यातही विपश्यनेचे केंद्र आहे.

आणि १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात जॉन कबात-झिन यांनी जुन्या दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा गाभा हेच श्वासाचे आणि शरीराचे भान. आज जगभरच्या दवाखान्यांत तो शिकवला जातो. जे लोक धम्माचे नाव घेत नाहीत, तेही हे साधन वापरतात. मग आपण, ज्यांच्या वारशाने ते आले, त्यांनी ते फडताळात ठेवून का द्यावे?

आनापानसति: अभ्यासाची रीत

आता प्रत्यक्ष अभ्यास. 'आन' म्हणजे आत येणारा श्वास, 'अपान' म्हणजे बाहेर जाणारा. त्या दोहोंचे भान म्हणजे आनापानसति.

वेळ आणि जागा. वेगळी खोली नको. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वीची वीस मिनिटे पुरेत. घडी केलेल्या गोधडीवर बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर, आजारी असाल तर अंथरुणावर निजून. पाठ शक्यतो ताठ, खांदे सैल, डोळे हलके मिटलेले.

पहिला टप्पा. श्वास आत आला, बाहेर गेला. बाहेर गेल्यावर मनात म्हणा, एक. पुन्हा आत, बाहेर, दोन. असे दहापर्यंत. मग पुन्हा एकपासून. गणती पाचाच्या आत थांबवू नये आणि दहाच्या पुढे नेऊ नये, असे विसुद्धिमग्गात सांगितले आहे. फार कमी असली तर मन कोंडते, फार लांबली तर मन आकड्यांतच गुंतते.

दुसरा टप्पा. आता आकडा श्वास आत येण्यापूर्वी म्हणा. फरक लहान वाटतो, पण येणाऱ्या श्वासाची वाट पाहताना मन अधिक जागे राहते.

तिसरा टप्पा. आकडे सोडून द्या. नुसता श्वास येतो, जातो. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड.

चौथा टप्पा. श्वासाचा पहिला स्पर्श कोठे होतो? नाकपुडीच्या कडेला, की वरच्या ओठावर? तेवढ्या जागेवर लक्ष ठेवा.

प्रत्येक टप्प्याला पाच मिनिटे. श्वास ओढावयाचा नाही, कोंडावयाचा नाही. हा प्राणायाम नव्हे. मन भरकटेल. हप्ता भरावयाचा आहे, रेशन आणावयाचे आहे, नणंद काय बोलली, सारे आठवेल. तेव्हा स्वतःला बोल लावू नका. "भरकटले" एवढे ओळखा आणि पुन्हा एकपासून मोजा. वर्गात उठून पळणाऱ्या पोराला आपण हात धरून परत बाकावर बसवतो, तसे. मी हे वाक्य लिहिताना लाजते, कारण एका पोराला मी तसे बसवले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी साऱ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली.

आवाजाचे काय? आमच्या घरामागून लोकल जाते. शेजारी मिक्सर चालतो, मोबाईलवर गाणी चालतात. आवाज आला तर "आवाज" असे ओळखावे आणि श्वासाकडे परत यावे. शांतता मिळाल्यावर ध्यान करू असे म्हणाल, तर आपल्या वस्तीत जन्मभर ध्यान होणार नाही.

दुखत असताना. श्वासावर थोडे स्थिर झाल्यावर दुखणाऱ्या जागेकडे लक्ष न्या. कोठे दुखते? ठणकते, जळते की टोचते? वाढते आहे की ओसरते आहे? "मी मेले" याऐवजी "येथे दुखत आहे" असे म्हणा. भीती आली तर "भीती आली आहे" असे म्हणा. आलेली गोष्ट जातेही. सहन होईना तर पुन्हा श्वासावर या, आणि परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगा. दुखणे लपवून ठेवणे म्हणजे सति नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्यासाठी. एकदा अतिसाराने घाणीत पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः धुतले, उचलून निजवले आणि आजाऱ्याची सेवा ती माझीच सेवा, असे संघाला शिकविले. पण जो रात्ररात्र जागतो, त्याचेही मन थकते, चिडते. त्याने मेत्ता भावना करावी. आधी स्वतःविषयी, मग मित्राविषयी, मग ओळखीपुरत्या माणसाविषयी, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्याविषयी आणि शेवटी सर्व प्राणिमात्रांविषयी मनात हित चिंतावे. मी चौथ्या ठिकाणी मावशीला बसवत असे. पहिले पंधरा दिवस ते जमले नाही.

काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये

आता सर्वांत महत्त्वाचे. ध्यानाने मधुमेह, क्षय, कर्करोग बरा होतो असे कोणी सांगेल, तर तो नवा देवऋषीच समजा. देवऋषीने अंगारा दिला काय आणि कोणी 'ध्यान कर, गोळ्या सोड' म्हटले काय, रोग्याची फसवणूक सारखीच. २०१४ साली अमेरिकेतील संशोधकांनी ध्यानावरील ४७ वैद्यकीय चाचण्या, एकूण सुमारे ३,५०० व्यक्तींच्या, एकत्र तपासल्या. चिंता, उदासी आणि दुखणे यांत ध्यानाने काही प्रमाणात उतार पडतो, असे त्यांना आढळले. पण औषधे किंवा व्यायाम यांसारख्या उपायांहून ते सरस ठरते, असा पुरावा मिळाला नाही. म्हणजे ध्यान औषधाच्या सोबतीला आहे, औषधाच्या जागी नाही.

गोळी वेळेवर घेणे हीसुद्धा सतिच आहे. पायाला काही लागले का, ते रोज रात्री पाहणे ही सति आहे. "आज साखर तपासायची" हे न विसरणे ही सति आहे.

दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना श्वासाकडे पाहून कधी घाबरल्यासारखे होते. त्यांनी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श, तळहातांची ऊब यांवर लक्ष ठेवावे, डोळे उघडे ठेवले तरी चालतील. ज्यांना भास होतात, जीव नकोसा वाटतो, किंवा ज्यांच्या मनात जुना भयंकर प्रसंग वारंवार उसळतो, त्यांनी एकट्याने दीर्घ ध्यान करू नये. त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मनाचा आजार हा आजारच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही पळवाट आहे काय?

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, "डोळे मिटून बसल्याने दवाखान्यात खाट मिळत नाही, कामावर पगार वाढत नाही." खरे आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाची हकीकत सांगितली आहे. सिद्धार्थ ध्यानमार्ग शिकला, त्यात पारंगत झाला, पण जगातील दुःखाचा प्रश्न केवळ तेवढ्याने सुटत नाही हे त्याने ओळखले. मात्र त्याच ग्रंथात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी ही अष्टांगिक मार्गाची अंगे म्हणून समजावून दिली आहेत. मन जागे ठेवून ते कुशलाकडे वळविणे, हा तेथे समाधीचा अर्थ आहे. अन्यायाकडे डोळे मिटण्यासाठी ध्यान नाही. अन्यायाशी झगडताना मन जळून जाऊ नये, म्हणून ते आहे.

बाबासाहेबांचे शेवटचे दिवस आठवा. मधुमेह जडलेला, पाय साथ देत नव्हते. ते डॉक्टरांचे उपचार घेत होते आणि त्याच शरीराने हा ग्रंथ लिहीत होते. १९५७ साली, त्यांच्या परिनिर्वाणानंतर, तो प्रसिद्ध झाला. पहिला बाण त्यांना रोज लागत होता. दुसऱ्याला त्यांनी काम थांबवू दिले नाही.

शेवटी आईविषयी

आईला अक्षर वाचता येत नाही. मी तिला बोटांच्या पेरांवर श्वास मोजावयास शिकविले. पहिल्या दिवशी ती तीनाच्या पुढे गेली नाही, झोपली. मी म्हणाले, झोप लागली हेही बरेच. पुढे जखमेची पट्टी बदलताना ती माझा हात धरून मोजू लागली. इन्शुलिन, जंतुनाशके आणि रोजची मलमपट्टी यांनी जखम भरली, पण एक बोट काढावे लागले. ध्यानाने ते वाचले नाही, हे मी स्पष्ट सांगते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मात्र तिने देवीचे नाव काढले नाही. ती म्हणाली, "भीती वाटते गं. पण ती येते नि जाते, ते दिसतं." पदवी माझ्याजवळ होती, पण सल्ल सुत्ताचा अर्थ तिने मला सांगितला.

मावशी पुढच्या दिवाळीत आली. अंगारा आणला नव्हता. मी तिच्या पाया पडले, झाल्या गोष्टीची माफी मागितली. तिने अजून दीक्षा घेतलेली नाही. रात्री ती आईशेजारी निजली आणि दोघी मिळून श्वास मोजीत होत्या. मावशी दर वेळी आठावर चुकत होती. आई तिला म्हणे, "चुकलं तर चुकू दे, पुन्हा एकपासून धर."

आपणही आज रात्री निजण्यापूर्वी दहा श्वास मोजून पाहा. घरात कोणी आजारी असेल तर त्याच्या उशाशी बसून, त्याच्या श्वासाबरोबर मोजा.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील मागच्या आजारपणात पहिला बाण कोणता होता आणि दुसरा कोणता? दुसरा कोणी मारला?

२. "दीक्षा घेतली म्हणून आजार आला" असे कोणी म्हटले, तर न रागावता, आजाराचे खरे कारण सांगून काय उत्तर द्याल?

३. आपल्या घरी कोणाची कोणती औषधे केव्हा घ्यावयाची, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे काय? नसल्यास आजच भिंतीवर लिहून लावा.

४. सात दिवस आनापानसति करा. मन किती वेळा भरकटले ते मोजू नका. किती वेळा परत आणले, ते मात्र घरच्यांना सांगा.